एच-२ए : अमेरिकेतील हंगामी परदेशी शेतमजुरांचे नियम आणि पुढच्या हंगामाची यादी

बागदफ्तर

अमेरिकेतील शेतीविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा अवाढव्य यंत्रे आणि क्षितिजापर्यंत पसरलेला मका यांच्यापाशी थांबते. सफरचंद, स्ट्रॉबेरी, लेट्यूस, कांदा आणि तंबाखू ही पिके मात्र इथे आजही मोठ्या प्रमाणावर माणसांच्या हातांनी काढली जातात, आणि त्यांतले बरेच हात एच-२ए या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी मजुरांचे असतात. मी वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात एका फळबागेच्या कार्यालयात गेले आठ हंगाम हजेरी, पगार आणि सरकारी अर्ज यांचे काम पाहते. या नियमांविषयी मराठीत सलग असे काही माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी व्याप्ती पाहू. २००५ साली अमेरिकी श्रम खात्याने या व्हिसासाठी सुमारे ४८ हजार जागा मंजूर केल्या होत्या. २०२४ या आर्थिक वर्षात तो आकडा सुमारे ३ लाख ८५ हजारांवर गेला. शेतीबाहेरच्या हंगामी कामांसाठी जो एच-२बी व्हिसा आहे, त्यावर वर्षाला ६६ हजारांची मूळ मर्यादा आहे. एच-२ए वर अशी कोणतीही मर्यादा नाही. येणाऱ्यांपैकी बहुसंख्य मजूर मेक्सिकोचे असतात. त्याखेरीज जमैकाचे मजूर ईशान्येकडील सफरचंदांच्या बागांत, दक्षिण आफ्रिकेचे मजूर मैदानी प्रदेशातल्या कापणी यंत्रांवर आणि पेरूचे मेंढपाळ पश्चिमेकडील कुरणांवर पिढ्यान्‌पिढ्या नाही, तरी वर्षानुवर्षे येत आहेत.

कायद्याचे मूळ १९५२ च्या स्थलांतर कायद्यात आहे आणि शेतीसाठीचा वेगळा एच-२ए वर्ग १९८६ च्या दुरुस्तीने झाला. त्याच्या मुळाशी दोन अटी आहेत. त्या ठिकाणी, त्या वेळी, ते काम करण्यास सक्षम, इच्छुक आणि उपलब्ध असे पुरेसे स्थानिक मजूर नाहीत, हे मालकाने दाखवून द्यावे लागते. आणि परदेशी मजूर आणल्यामुळे तसेच काम करणाऱ्या स्थानिकांच्या मजुरीवर किंवा कामाच्या परिस्थितीवर वाईट परिणाम होणार नाही, याची श्रम खात्याची खात्री पटावी लागते. पुढचे सगळे नियम या दोन अटींतून फुटलेले आहेत. काम हंगामी किंवा तात्पुरते असलेच पाहिजे, ही तिसरी गोष्ट व्याख्येतच आहे, आणि म्हणूनच वर्षभर दोनदा-तीनदा रोज धारा काढावी लागणाऱ्या दुग्धव्यवसायाला या व्हिसाचा उपयोग होत नाही.

प्रत्यक्षात काम असे चालते. मजूर हवे असतील त्या तारखेच्या ७५ ते ६० दिवस आधी आम्ही केंद्रीय श्रम खात्यामार्फत राज्याच्या रोजगार कार्यालयाकडे कामाचे सविस्तर आदेशपत्रक पाठवतो. त्यात कोणते पीक, कोणते काम, किती तास, काय मजुरी, राहण्याची जागा कोणती, हे सगळे लिहावे लागते. नंतर किमान ४५ दिवस आधी केंद्रीय श्रम खात्याकडे अर्ज जातो. खात्याने मंजुरी दिली की नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाकडे मालकाची याचिका जाते आणि ती मान्य झाल्यावरच मजूर आपल्या देशातील वकिलातीत व्हिसासाठी उभा राहतो. दरम्यान स्थानिक मजुरांचा शोध चालूच ठेवावा लागतो. इतकेच नव्हे, तर परदेशी मजूर कामावर रुजू झाल्यावरही कराराचा अर्धा काळ उलटेपर्यंत जो पात्र स्थानिक मजूर काम मागायला येईल त्याला घ्यावेच लागते.

मजुराला कागदावर जे मिळते ते कमी नाही. राहण्याची जागा विनामूल्य द्यावी लागते आणि तिची तपासणी आधी होते. मजूर छावण्यांसाठीच्या केंद्रीय मानकानुसार झोपण्याच्या खोलीत माणशी किमान ५० चौरस फूट जागा, दोन पलंगांमध्ये ३६ इंच अंतर आणि दहा माणसांमागे एक स्नानगृह अशी मोजमापे ठरलेली आहेत. अवजारे मालकाने द्यायची. जेवण ठरलेल्या दराच्या आत द्यायचे, नाहीतर स्वयंपाकघर उपलब्ध करून द्यायचे. कामावर जखम झाल्यास भरपाईचा विमा असलाच पाहिजे. येण्याचा प्रवासखर्च कराराचा निम्मा काळ पूर्ण झाल्यावर परत करायचा आणि करार पूर्ण करणाऱ्याला परतीचा प्रवास द्यायचा. नोकरी मिळवून दिल्याबद्दल मजुराकडून कोणतीही फी घेण्यास बंदी आहे. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. तक्रार केली म्हणून कोणावर सूड उगवायचा नाही.

हे सगळे मी स्वतः दर वर्षी अर्जावर सही करण्यासाठी मालकांपुढे ठेवते, आणि आमच्या बागेत त्यातले बहुतेक पाळलेही जाते. तरीही आठ वर्षांत एकाही मजुराने माझ्या टेबलापाशी येऊन 'माझे तास चुकले आहेत' असे आपणहून म्हटलेले नाही. तास चुकलेले होते, हे मला हजेरीपट आणि पेट्यांच्या नोंदी ताडून पाहताना दोन वेळा आढळले. एकदा एका तुकडीचे सलग नऊ दिवस रोज अर्धा तास कमी लागले होते. पैसे दिल्यानंतर मी त्यांच्यातल्या एका वयस्क मजुराला विचारले की त्यांच्या लक्षात आले नव्हते का. तो म्हणाला की पहिल्याच दिवशी लक्षात आले होते, पण यादी मुकादम करतो.

ही यादी म्हणजे पुढच्या हंगामात कोणाला बोलवायचे त्याची यादी. चालू हंगामाबद्दल शेकडो पानांचे नियम आहेत, पण पुढच्या वर्षी याच मजुराला बोलवावे असे मालकाला बांधून ठेवणारा एकही केंद्रीय नियम नाही. व्हिसा एका मालकाशी बांधलेला, घर त्याच मालकाचे, आणि पुढच्या वर्षीची मजुरी त्याच्याच मुकादमाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून. माझ्या मते या व्यवस्थेतले बाकीचे सगळे दोष या एका गोष्टीतून समजून घ्यावे लागतात. जाणकारांनी भर घालावी आणि चूक असेल तर दुरुस्त करावे.

नांगरट

सविस्तर लेखनाबद्दल मनापासून आभार. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. माझ्या भाच्याने कृषी पदविका पूर्ण केली आहे. त्याला एका एजंटाने अमेरिकेत द्राक्षबागेत नऊ महिने काम, राहणे फुकट आणि नंतर कायमचे राहण्याची सोय असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. अर्ज भाच्यानेच भरायचा आहे, बागेचे नाव व्हिसा आल्यावर कळेल, असेही त्याचे म्हणणे आहे. भारतीयांना हा व्हिसा मिळतो का, आणि या माणसावर विश्वास ठेवावा का?

बागदफ्तर

नांगरट, आपण विचारलेत हे फार बरे झाले. कृपया एक पैसाही देऊ नका.

या व्हिसाची सुरुवात मजूर करतच नाही. मालकाचा अर्ज आधी, श्रम खात्याची मंजुरी त्यानंतर, याचिका त्यानंतर, आणि मजुराचा व्हिसा अर्ज सर्वांत शेवटी. म्हणजे व्हिसा आला पण बागेचे नाव ठाऊक नाही, ही स्थिती संभवतच नाही. मंजूर आणि प्रलंबित कामांची आदेशपत्रके श्रम खात्याच्या हंगामी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात; मालकाचे नाव, ठिकाण, पीक, मजुरी, सुरुवातीची आणि शेवटची तारीख त्यात असते. एजंटाकडे खरे काम असेल तर ते पत्रक तो पाच मिनिटांत दाखवू शकेल. शिवाय व्हिसासाठी अर्ज करण्याच्या वेळेपर्यंत कामाच्या कराराची प्रत मजुराला समजेल अशा भाषेत मिळालीच पाहिजे, असा नियम आहे.

देशांबद्दल सांगायचे तर, पूर्वी कोणत्या देशांच्या नागरिकांना हा व्हिसा मिळू शकेल याची एक यादी गृहसुरक्षा खाते प्रसिद्ध करीत असे. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने ती यादी रद्द झाली आहे. त्यामुळे कागदोपत्री राष्ट्रीयत्वाची ती आडकाठी उरलेली नाही, पण बोलावणारा खरा मालक असल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

'कायमचे राहण्याची सोय' हे वाक्य तर सरळ खोटे आहे. हा व्हिसा कामाच्या मुदतीपुरता असतो, मुदतवाढी धरून सलग तीन वर्षांपलीकडे जात नाही, आणि त्यानंतर ठरलेला काळ देशाबाहेर राहावे लागते. ग्रीन कार्डाचा रस्ता त्यातून आपोआप निघत नाही. वकिलातीतले अधिकारी मुलाखतीत कोणी पैसे घेतले का हे विचारतात, आणि एजंट मंडळी मजुरांना तिथे 'नाही' म्हणायला पढवून पाठवतात. देशातून उचल किंवा कर्ज काढून निघालेला माणूस इथे पोहोचतो तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याचे तोंड बंद असते, कारण घरी व्याज चढत असते.

ताळेबंद

मी कॅलिफोर्नियात लहान शेतमालकांचे हिशोब पाहतो. धाग्यात एका तरतुदीचा उल्लेख राहिला आहे आणि माझ्या अनुभवात तीच सर्वांत जास्त चुकीची समजली जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ती म्हणजे तीन-चतुर्थांश कामाची हमी.

करारात जितके तास सांगितले असतील त्यांच्या किमान तीन-चतुर्थांश तासांचे काम मालकाने देऊ केलेच पाहिजे. समजा, करार २० आठवड्यांचा आणि आठवड्याला ४० तासांचा आहे, म्हणजे एकूण ८०० तास. त्याचे तीन-चतुर्थांश ६०० तास होतात. गारपीट झाली, भाव पडला किंवा मजूर जास्त बोलावले गेले आणि प्रत्यक्षात ५०० तासच काम निघाले, तर उरलेल्या १०० तासांची मजुरी काम न करताही द्यावी लागते. वॉशिंग्टन राज्याचा २०२५ च्या सुरुवातीचा ताशी १९.८२ डॉलरचा दर धरला तर माणशी १,९८२ डॉलर. हा हिशोब आठवड्याचा नसून संपूर्ण कराराचा असतो, हे मालकही विसरतात आणि मजूरही. पहिल्या महिन्यात काम नाही म्हणून मजूर हवालदिल होतो आणि शेवटच्या महिन्यात साठ-साठ तास काम करून हमी 'भरून निघते'.

मात्र यातली खरी मेख पुढे आहे. मजूर काम सोडून गेला किंवा त्याला सकारण कामावरून काढले, आणि मालकाने तसे वेळेत कळवले, तर ही हमीही जाते आणि परतीच्या प्रवासखर्चाची जबाबदारीही संपते. पाच कामाचे दिवस सलग गैरहजर राहिल्यास मालकाने दोन कामाच्या दिवसांत सरकारला कळवायचे असते. त्यामुळे हंगाम लवकर आटोपला की 'शिस्तभंगा'ची पत्रे अचानक का वाढतात, याचे उत्तर मला हिशोबाच्या वह्यांत सापडते. बागदफ्तर यांनी सांगितलेल्या यादीइतकेच हे हत्यारही धारदार आहे.

नगावर म्हणजे पेटीमागे मजुरी दिली जात असली, तरी ताशी दराने होणाऱ्या रकमेपेक्षा ती कमी भरल्यास फरक मालकाने द्यायचा असतो. म्हणूनच तास कमी लावले जातात. तास कमी दिसले की फरक उरत नाही.

कांदापट्टी

मी जॉर्जियातील कांदा उत्पादकांसोबत पीक सल्लागार म्हणून काम करतो. चर्चा मजुरांच्या बाजूने चालली आहे आणि ते योग्यच आहे, परंतु शेतमालकाची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे, आणि ती मी प्रामाणिकपणे मांडतो.

साठ-सत्तर एकरांचा शेतकरी २५ मजूर बोलावतो तेव्हा ताशी मजुरी हा त्याच्या खर्चाचा केवळ एक भाग असतो. घरे बांधणे किंवा भाड्याने घेणे, बस, चालक, विमा, अर्जांच्या फी, वकील, वकिलातीची २०५ डॉलरची व्हिसा फी, सीमेपासून शेतापर्यंतचा प्रवास हे सगळे पीक हाती येण्याच्या आधी खर्च होते. कांदा तयार झाला की तो थांबत नाही. याचिका दहा दिवस अडकली तर पीक शेतात सडते. देशातल्या पिकांवरील मजुरांपैकी सुमारे ४० टक्के मजूर कागदपत्रांविना काम करतात. जो शेजारी तसे मजूर लावतो त्याच्यावर यातले एकही बंधन नाही, आणि जो कायद्याने चालतो त्याच्या दारात तपासनीस येतो. या अन्यायाबद्दल शेतकरी बोलतात तेव्हा मला ते खोटे वाटत नाही.

मजुरीच्या दराविषयीही लिहितो. एईडब्ल्यूआर या नावाने ओळखला जाणारा दर म्हणजे ज्याच्या खाली परदेशी मजुराला मजुरी दिल्यास स्थानिकांच्या मजुरीला धक्का बसेल असे सरकार मानते, तो दर. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबलेले आहे, तर हा दर २०२५ च्या सुरुवातीला मिसिसिपीत १४.८३ आणि कॅलिफोर्नियात १९.९७ डॉलर होता. तो अनेक वर्षे कृषी खात्याच्या शेतमजुरी पाहणीवरून ठरत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये श्रम खात्याने पद्धत बदलली. आता व्यवसायनिहाय वेतन पाहणीचा आधार घेतला जातो, कौशल्याचे दोन स्तर केले आहेत आणि विनामूल्य घर मिळते म्हणून परदेशी मजुरांच्या दरातून काही रक्कम कमी धरली जाते. माझ्या ओळखीच्या शेतकऱ्यांना त्यामुळे हायसे वाटले. मला मात्र एक शंका आहे. परदेशी मजूर घरासह स्वस्त पडू लागला, तर स्थानिक मजुराला कामावर घेण्याचे कारणच कमी होते, आणि कायद्याची दुसरी मूळ अट तर नेमकी हेच टाळण्यासाठी होती.

ही शंका कल्पनेतली नाही. मिसिसिपी डेल्टामध्ये २०२१ साली कृष्णवर्णीय स्थानिक शेतमजुरांनी न्यायालयात दावा लावला, की त्याच कामासाठी दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या गोऱ्या मजुरांना त्यांच्यापेक्षा जास्त मजुरी दिली गेली आणि त्यांचे काम हळूहळू काढून घेतले गेले. नियमाने परदेशी मजुराला द्यायचा दर तोच काम करणाऱ्या स्थानिकालाही द्यावा लागतो. तो त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

आणि माझ्याच राज्यातली गोष्ट लपवणे बरे नव्हे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'ऑपरेशन ब्लूमिंग अनियन' या तपासातून २४ जणांवर आरोपपत्र उघड झाले. मजुरांकडून बेकायदा फी घेणे, कागदपत्रे काढून घेणे, बंदुकीच्या धाकाने उघड्या हातांनी कांदे काढायला लावणे आणि बादलीमागे २० सेंट देणे, असे आरोप त्यात होते. या टोळीने सगळे अर्ज एच-२ए व्यवस्थेतूनच केले होते. अशा प्रकारांत मजूर आणणारा बहुधा शेतमालक नसतो, तर ठेकेदार असतो. ठेकेदाराला मजुरांच्या संख्येनुसार हमीरोखा भरावा लागतो, पण शेतमालकाशी त्याचा संबंध कागदावर जितका सैल, तितकी जबाबदारी हवेत राहते.

तळ्याकाठी

ऑन्टारियोतून लिहिते आहे. कॅनडाचा हंगामी शेतमजूर कार्यक्रम १९६६ साली जमैकाच्या २६४ मजुरांपासून सुरू झाला आणि १९७४ मध्ये मेक्सिको त्यात आला. इथे सरकारे परस्परांशी करार करतात, मजूर एका वर्षात जास्तीत जास्त आठ महिने राहतो आणि १५ डिसेंबरपर्यंत त्याला परतावे लागते.

'यादी' हा शब्द वाचून मी थबकले, कारण इथे ती गोष्ट नियमातच आहे. मालक पुढच्या वर्षी नाव घेऊन मजूर मागवू शकतो, आणि बहुसंख्य मजूर तसेच येतात. मी एका आरोग्य केंद्रात दुभाषी म्हणून काम करते. पाठ इतकी दुखते की बसता येत नाही, तरी डॉक्टरांनी लिहून दिलेली सुटी मालकाला दाखवू नका, अशी विनंती करणारे मजूर मी पाहिले आहेत. नाव पुढच्या वर्षीच्या मागणीत आले नाही, तर पंधरा वर्षांची नोकरी एका टेलिफोनशिवाय संपते.

एक चांगली गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. जून २०१९ पासून, ज्या मजुरावर मालकाकडून अत्याचार होतो किंवा होण्याचा धोका आहे, त्याला कोणत्याही मालकाकडे काम करता येईल असा खुला परवाना मागता येतो. अर्ज सोपा नाही, पुरावे इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये मांडावे लागतात आणि परवाना मुदतीचा असतो. तरीही तो हातात पडलेल्या एका बाईंसोबत मी होते. त्यांनी मला तो कागद तीन वेळा वाचून दाखवायला लावला, कारण मालकाच्या नावाची जागा त्यात रिकामी होती.

जुनीपाने

या विषयाचा भूतकाळ थोडक्यात मांडतो. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांनी केलेल्या करारातून 'ब्रासेरो' कार्यक्रम सुरू झाला आणि १९६४ पर्यंत चालला. त्या काळात सुमारे ४६ लाख करार झाले. त्या करारांतही विनामूल्य घर, प्रवासखर्च, स्थानिक दराने मजुरी आणि ठरावीक प्रमाणात कामाची हमी होती. म्हणजे आज ज्या तरतुदी आपण वाचतो, त्यांतल्या बऱ्याचशा ऐंशी वर्षांपूर्वी लिहिल्या गेल्या होत्या.

त्यातले एक प्रकरण या चर्चेशी थेट जोडलेले आहे. सुरुवातीच्या वर्षांत मजुरांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली जात असे आणि ती मेक्सिकोत परतल्यावर मिळेल असे सांगितले जाई. कल्पना अशी होती की पैसे मागे असले की माणूस परत जाईल. असंख्य मजुरांना ती रक्कम कधीच मिळाली नाही; त्यांच्या वारसांना एकविसाव्या शतकात न्यायालयांत भांडावे लागले. मजुरीचा एक भाग भविष्यात अडकवून ठेवणे आणि पुढच्या वर्षीचे काम भविष्यात अडकवून ठेवणे, या दोन्हींचा माणसाच्या वागण्यावर होणारा परिणाम मला सारखाच दिसतो.

अवांतर : शेतमजुरांना १९३५ च्या कामगार संघटना कायद्यातून आणि १९३८ च्या कायद्यातील ओव्हरटाइमच्या तरतुदींतून वगळण्यात आले, आणि केंद्रीय पातळीवर ते आजही वगळलेलेच आहेत. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन यांसारख्या काही राज्यांनी ती उणीव आपल्या कायद्यांनी पूर्णपणे किंवा काही अंशी भरून काढली आहे.

कांदापट्टी

जुनीपाने, दहा टक्क्यांचे हे प्रकरण मला ठाऊक नव्हते. आभार.

तळ्याकाठी यांना एक पूरक माहिती. वर उल्लेख आलेल्या जानेवारी २०२५ च्या नियमाने इथेही थोडी मोकळीक दिली आहे. नव्या मालकाने याचिका दाखल केली की तिच्या मंजुरीची वाट न पाहता मजूर त्याच्याकडे काम सुरू करू शकतो. परंतु परक्या राज्यात, मालकाच्याच घरात राहणाऱ्या आणि मालकाच्याच बसने दुकानात जाणाऱ्या माणसाला नवा मालक शोधून कोण देणार? तो नवा मालकही आधीच श्रम खात्याची मंजुरी मिळवलेला असावा लागतो.

बसचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मे २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या मॅरियन काउंटीत कलिंगडाच्या शेताकडे निघालेल्या मजुरांच्या बसला अपघात होऊन आठ मजूर दगावले. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी श्रम खात्याने मजुरांच्या वाहनांत सीटबेल्ट सक्तीचे करणारा नियम प्रसिद्ध केला होता. तो २८ जूनपासून लागू होणार होता. त्याच नियमात मजुरांनी एकत्र येऊन बोलण्याला संरक्षण होते. ऑगस्टमध्ये न्यायालयाने १७ राज्यांपुरती त्याला स्थगिती दिली, आणि जून २०२५ मध्ये खात्यानेच त्याची अंमलबजावणी थांबवत असल्याचे जाहीर केले. संघटनेच्या तरतुदींना शेतकरी संघटनांचा विरोध का होता हे मी समजू शकतो. सीटबेल्ट त्याच गाठोड्यात गेले, याचे मला वाईट वाटते.

बागदफ्तर

सर्वांच्या प्रतिसादांतून मला पुष्कळ शिकायला मिळाले. ताळेबंद यांनी दाखवलेली 'सकारण काढून टाकण्या'ची बाजू मी मूळ लेखात घ्यायला हवी होती.

कांदापट्टी, आपली खर्चाची बाजू मला पूर्ण मान्य आहे. ते आकडे मीच दर वर्षी जुळवते. पण मी ज्या बदलाविषयी बोलते आहे त्याला फारसा खर्च नाही. उत्तर कॅरोलिनात २००४ साली फार्म लेबर ऑर्गनायझिंग कमिटी या संघटनेने तिथल्या शेतमालकांच्या संघाशी करार केला, आणि त्यात एच-२ए वर येणारे हजारो मजूर आले. त्याआधी तिथे तक्रार करणाऱ्यांची नावे गुपचूप काळ्या यादीत जातात असा मजुरांचा आरोप होता. करारामुळे पुढच्या हंगामात बोलावण्याला सेवाज्येष्ठतेचा आधार मिळाला आणि तक्रार मांडण्याची एक ठरलेली पद्धत आली. दर, घर आणि प्रवास यांचे नियम तेच राहिले. बदलले ते एवढेच, की यादी एकट्या मुकादमाच्या हाती राहिली नाही. तरीही संघटना नसलेल्या हजारो शेतांत ती त्याच्याच हाती आहे, आणि सूडबंदीचा नियम तिथे पोहोचत नाही. कारण एखाद्याला न बोलावणे ही न घडलेली गोष्ट असते, आणि न घडलेल्या गोष्टीचा पुरावा मेक्सिकोतल्या खेड्यात बसून देता येत नाही.

श्रम खात्याचा वेतन आणि कामाचे तास विभाग दोषी मालकाला तीन वर्षांपर्यंत या व्यवस्थेतून बाद करू शकतो. ती शिक्षा कडक आहे. पण तिची सुरुवात कोणीतरी तोंड उघडण्यापासून होते.

आमच्या बागेत मी मालकांपुढे गेल्या हिवाळ्यात एक प्रस्ताव ठेवला. पुढच्या हंगामाची नावे मुकादमाने नव्हे, तर कार्यालयाने काढावीत. किती हंगाम काम केले तो क्रम धरावा. एखाद्याला वगळायचे असेल तर त्याचे कारण हंगाम संपायच्या आत लेखी द्यावे आणि त्यावर मजुराची बाजू लिहून घ्यावी. मालकांनी दोन आठवडे विचार केला. मुकादमाचा आक्षेप असा होता, की त्याचा धाक राहणार नाही. मालकांनी शेवटी होकार दिला, पण पहिल्या वर्षासाठी आणि फक्त छाटणीच्या तुकडीपुरता. तोडणीची मोठी तुकडी अजून जुन्याच पद्धतीने बोलावली जाते.

नांगरट

विषयाला धरूनच एक शेवटची माहिती देतो. आपण सुचवल्याप्रमाणे भाच्याने एजंटाकडे मालकाचे नाव आणि आदेशपत्रक मागितले. आधी तो म्हणाला की ते गोपनीय असते. आदेशपत्रके सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येतात असे सांगितल्यावर त्याने आगाऊ रक्कम निम्म्यावर आणली, आणि नंतर फोन घेणे बंद केले. पैसे गेले नाहीत. त्याच्याकडे आणखी सहा मुलांनी नावे दिली आहेत असे कळले. त्यांतल्या दोघांना हा धागा वाचायला दिला आहे, उरलेल्यांचा पत्ता शोधतो आहे.

बागदफ्तर

नांगरट, त्या मुलांपैकी कोणी रक्कम भरली असेल तर पावती, फोनवरचे संदेश आणि बँकेची नोंद जपून ठेवायला सांगा. आणि एजंटाने कोणत्याही बागेचे किंवा ठेकेदाराचे नाव घेतले असेल, तर ते इथे न लिहिता मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. त्या नावाने काही मंजुरी निघाली आहे का, हे मी सोमवारी कार्यालयात गेल्यावर पाहून सांगते.